बोल आणि तबकडी : तालवाद्यांच्या नोंदीचा इतिहास

भंडारा शहरापलीकडे वैनगंगेच्या तीरावर वसलेले कारधा हे गाव झाडीपट्टीच्या मुलखात मोडते. दंडार आणि खडी गंमत हे या मुलखाचे लोकनाट्यप्रकार. ढोलकी व डफ यांच्यावाचून ते उभे राहत नाहीत. या वाद्यांवरील आघातांची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु त्याची मुळे भाषेच्या इतिहासात गेलेली आहेत. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेऊन झाडीपट्टीच्या अभ्यासकाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार करावयाचा आहे.

तालवाद्याचे पहिले मुद्रण यंत्राने केले नाही, ते अक्षराने केले. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त पुष्करवाद्यांसाठी सोळा अक्षरे सांगितली आहेत. पुढे १३व्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'च्या वाद्याध्यायात पटहादी वाद्यांचे पाट, म्हणजेच हाताच्या आघातांची अक्षरे, तपशिलाने वर्णिली. महाराष्ट्राच्या भूमीत वाद्याचा नाद अशा रीतीने सातशे वर्षांपूर्वीच लेखनिविष्ट झाला होता.

ही अक्षरे यादृच्छिक नाहीत, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ध्यानी घेण्यासारखे आहे. तबल्याच्या उजव्या अंगावरील 'ता' अघोष. डग्ग्यावरील 'घे' घोष व महाप्राण. दोन्ही एकाच वेळी वाजविले असता होणाऱ्या बोलाला 'धा' म्हणतात. त्यात 'ता'चे दंत्य स्थान आहे आणि 'घे'ची घोषता व महाप्राणता आहे. त्रितालाच्या खालीत 'धिं'चे 'तिं' होते, ते डग्ग्याचा गुंजणारा नाद काढून घेतल्यामुळेच. म्हणजे भरी आणि खाली यांतील भेद हा घोष आणि अघोष यांतील भेद होय. मुखाने म्हटलेला बोल ही वाद्याची शिस्तबद्ध ध्वनिलिपी आहे.

या लिपीच्या जोडीला यंत्र आले ते १९०२ साली. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग याने कलकत्त्यात पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. तेव्हा विद्युत्ध्वनिग्राहक नव्हता. कर्ण्यापुढे गाणाऱ्याचा आवाज थेट सुईला हलवून मेणाच्या तबकडीवर रेषा कोरी. या पद्धतीत मंद्र कंपने जवळजवळ उमटतच नसत. साहजिकच डग्ग्याचे गुंजन लोपे आणि उजव्याची टणक टीप तेवढी उरे. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे, तर यंत्राने 'धा'ला 'ता'कडे ओढले, घोषाला अघोष केले. केवळ त्या तबकड्या ऐकून त्या काळचे वादक डग्गा फारसा वाजवीत नसत, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो यंत्राचा दोष वादकाच्या माथी मारील.

यंत्राच्या मर्यादेने वादनरीतीच बदलल्याचे उदाहरण पश्चिमेकडे मिळते. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या जॅझ वाद्यवृंदाचे मुद्रण झाले, तेव्हा मोठ्या ढोलाच्या धक्क्याने सुई उडत असल्यामुळे बेबी डॉड्स या वादकाला बव्हंशी लाकडी ठोकळ्यांवर लय राखावी लागली. मुद्रिका पुरावा खरी. परंतु तो पुरावा कोणत्या अटींवर तयार झाला, हे तिच्याबरोबर वाचले पाहिजे.

१९२५ साली विद्युत् ध्वनिमुद्रण आले आणि मंद्र नाद तबकडीवर उमटू लागला. अहमदजान थिरकवा यांच्यासारख्या, गंधर्व नाटक मंडळीत साथ केलेल्या वादकाचे स्वतंत्र तबलावादन मुद्रिकेवर ऐकावे असे झाले. तरीही ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. पेशकाराचा विस्तार तीत मावणे शक्य नव्हते. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ मुद्रिका आली, तेव्हा काळाचे हे बंधन सैल झाले. फितीवरील मुद्रण आणि प्रत्येक अंगास स्वतंत्र ध्वनिग्राहक ही पुढची पावले होत. त्यांमुळे हलका आघातही श्रोत्यापर्यंत पोहोचू लागला.

आता कारध्याकडे वळू. डफ हे निश्चल वाद्य नव्हे. दमट हवेत त्याचे कातडे सैल पडते, वादक ते शेकून ताणतो आणि एका रात्रीत त्याचा स्वर अनेकदा बदलतो. तीन मिनिटांचा तुकडा या बदलाची साक्ष देऊ शकत नाही. शिवाय लोकगीतांचे मुद्रण करताना बहुधा गीत हे लक्ष्य असते. ढोलकी मागे राहते.

आज झाडीपट्टीच्या रंगमंचावर विद्युत् तालयंत्रेही आली आहेत. त्यांत पूर्वी मुद्रित केलेला आघात साठविलेला असतो आणि बोट लागताच तोच पुनःपुन्हा उमटतो. बोलण्यात प्रत्येक वर्ण शेजारच्या वर्णाच्या संगतीने किंचित बदलतो. ढोलकीचा आघातही मागच्यापुढच्या आघाताने रंगतो. साठविलेल्या आघाताला शेजार नसतो. वाद्याची नोंद वाद्याच्या जागी बसली, की हरवते ती ही संगती.

म्हणून या भागात संशोधनासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी कराव्यात. वाद्याच्या दोन्ही अंगांचे स्वतंत्र मुद्रण घ्यावे. प्रयोग आरंभापासून अखेरपर्यंत, शेकण्याच्या विरामांसह नोंदवावा. आणि वादकाकडून त्याचे बोल त्याच्याच उच्चारात म्हणवून घ्यावेत. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त व सर्वांत निकडीची आहे. वाद्याचा नाद उद्याचे यंत्र आजच्याहून चांगला टिपील. परंतु वादक आपल्या आघातांना कोणत्या नावांनी ओळखतो, हे सांगणारा वादकच उरला नाही, तर त्या नादाचे वाचन करणारी लिपी आपणांस कोठूनही मिळणार नाही.