पेय आणि पात्र : एका दुर्लक्षित विद्येत शिरताना

पेय कशात भरायचे, ते टिकवायचे कसे आणि पिणाऱ्याच्या हाती द्यायचे कसे, हे तीन प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडत आले आहेत. रांजण, सुरई, झारी, तांब्या ही त्यांची घरगुती उत्तरे. गेल्या अडीचशे वर्षांत याच प्रश्नांवर रसायनशास्त्रज्ञ, यंत्रकार, काचकामगार आणि व्यापारी यांनी इतके डोके चालवले की त्यातून एक स्वतंत्र विद्या उभी राहिली. मराठीत पेयांच्या चवीवर भरभरून लिहिले गेले आहे, बाटलीच्या बुचावर मात्र क्वचितच. ही उणीव थोडी भरून निघावी आणि नव्या वाचकाला या विषयाचे दार उघडून मिळावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

हे दार मी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून उघडतो आहे. वाचक विचारतील, पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव आणि रोठा सुपारी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या श्रीवर्धनचा या विषयाशी काय संबंध? इथे बाटल्यांचा नामांकित कारखाना नाही, की कुणा मोठ्या संशोधकाचे स्मारक नाही. पण या किनाऱ्यावर चार पेये अशी भेटतात की त्यांचे स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत : शहाळ्याचे पाणी, कोकम, माडाचा रस आणि बाहेरून येऊन इथलेच झालेले सोडावॉटर. एकाला हवा सोसत नाही, दुसऱ्याला धातू, तिसऱ्याला वेळ, आणि चौथे तर भांड्यातून निसटायलाच टपलेले असते. या चौघांना कसे सांभाळायचे हे ज्याला कळले, त्याला या विद्येचा बहुतेक अभ्यासक्रम कळला असे मी समजतो.

सुरुवात शहाळ्यापासून करावी, कारण ते भरूनच येते. बाहेर जाड सोडण, आत कोवळी करवंटी, तिच्या आत मलई आणि पाणी. शहाळे शाबूत असेल तोवर हे पाणी जवळजवळ निर्जंतुक असते. कोयत्याचा घाव पडला की मात्र दोन गोष्टी एकदम सुरू होतात. पाण्यातली पॉलिफेनॉल ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे बाहेरच्या प्राणवायूच्या मदतीने त्याला गुलाबी-तपकिरी छटा आणू लागतात. शिवाय या पाण्यात आंबटपणा अगदी कमी, त्यामुळे जंतूंना ते चांगलेच मानवते. पाणी उकळून ठेवावे, तर ज्या चवीसाठी शहाळे फोडले तीच उडून जाते.

या पेचावर जगभर प्रयत्न झाले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला २००० साली एका पद्धतीचे ब्रिटिश पेटंट मिळाले. तिच्यात पाणी तापवायचेच नाही. जंतू अडकून पडतील इतक्या सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून ते काढायचे आणि निर्जंतुक बाटलीत भरायचे. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने शहाळ्याचे पाणी पाकिटात टिकवण्याचे तंत्र विकसित केले. एवढा खटाटोप का, हे वजनावरून कळते. पाव-अर्धा लिटर पाण्यासाठी दीड-दोन किलोचे शहाळे वाहून न्यावे लागते, आणि पाणी पिऊन झाल्यावर सोडणाचा ढीग शहराच्या गळ्यात पडतो. मुंबईच्या पदपथांवर विकली जाणारी पुष्कळशी शहाळी कर्नाटकातून ट्रकने येतात, हेही लक्षात असू द्यावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवा माड फळाला यायला काही वर्षे जातात. अशा गावात एकेका नारळाची किंमत वाढवणारे तंत्र चैनीचे म्हणता येणार नाही.

कोकमाची तऱ्हा अगदी उलटी. त्याचा आंबटपणाच त्याला राखतो; त्यात आगळात मीठ आणि सरबताच्या पाकात साखर यांची भर. इथे जपायचे ते भांड्याला. आंबट आगळ धातूला खाते, म्हणून आपल्या आज्यांनी ते चिनी मातीच्या बरणीत ठेवले. त्यामागचे रसायन कुणी त्यांना शिकवले नव्हते, तरी निवड अचूक होती. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो, आणि ऊन व उष्णता लागली की तो फिका पडतो. दुकानात पारदर्शक बाटल्या उन्हात मांडलेल्या दिसल्या, तर विक्रेत्याला हे प्रेमाने सांगायला हरकत नाही. सोलकढीत मात्र नारळाचे दूध आले की हा सगळा हिशेब कोलमडतो. दुधातला स्निग्धांश वर तरंगतो, आणि ती करावी तेव्हाच प्यावी लागते.

माडाचा रस ही वेळेशी लावलेली शर्यत आहे. पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, छेदून थेंब थेंब गळणारा गोड रस म्हणजे नीरा. मडक्यात पडल्या क्षणापासून हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टमुळे तो आंबू लागतो आणि काही तासांत त्याची माडी होते. मडक्याला आतून चुना लावणे हा त्यावरचा जुना उपाय. कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने अलीकडे माडावरच टांगायची बर्फाची पेटी तयार केली. रस गळतानाच गार राहतो, चुना लागत नाही, आणि त्या रसाला त्यांनी ‘कल्परस’ असे नाव दिले. इथे भांड्याइतकाच कायदाही महत्त्वाचा ठरतो, कारण नीरा आणि माडी या दोन्हींवर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल चालतो. एकच रस, सकाळी पेय आणि संध्याकाळी मद्य! नीरेचे तंत्र शिकणाऱ्याने म्हणून घड्याळ आणि कायद्याचे पुस्तक दोन्ही जवळ बाळगावीत.

आता सोडावॉटर. माझ्या मते या विषयातले सर्वांत देखणे प्रकरण हेच. जोसेफ प्रीस्टली याने १७६७ साली लीड्स शहरात, एका बिअरच्या भट्टीशेजारी राहत असताना, पाण्यात कर्बवायू मुरवून पाहिला. १७८३ मध्ये जिनिव्हात याकोब श्वेप याने त्याचा व्यापार सुरू केला. अडचण बुचाची होती. बूच सुकले की आकसते आणि वायू निसटतो, म्हणून बाटल्या आडव्या ठेवाव्या लागत. १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रज माणसाने असा तोडगा काढला की ज्या वायूला कोंडायचे त्यालाच दारवान केले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी रबराचे कडे. भरताना बाटली उलटी फिरवायची. गोटी खाली येते आणि आतला दाब तिला कड्यावर घट्ट बसवतो. दाब जितका जास्त, तितके झाकण पक्के. उघडताना लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलायची. गळ्याला दोन खोबणी असतात. बाटली योग्य बाजूने कलती केली तर गोटी तिथे अडते आणि सोडा बिनअडथळा ओतता येतो. उलट्या बाजूने धरणारा माणूस नवखा आहे हे सोडावाल्याला लगेच कळते.

इंग्लंडमध्ये ही बाटली मागे पडली. जपानमध्ये ‘रामुने’ या पेयासाठी ती टिकली, आणि आपल्याकडे गोटी सोडा म्हणून अजून दिसते. असे का, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. तिला दर वेळी नवे बूच लागत नाही, बाटली पुन्हा पुन्हा भरता येते, आणि हाताने फिरवायच्या यंत्रावर तालुक्याच्या गावी छोटा कारखाना चालतो. मुंबईत १८६५ मध्ये पालनजी, पुण्यात १८८४ मध्ये अर्देशीर आणि पुन्हा मुंबईत १८८९ मध्ये ड्यूक्स अशा पारशी मंडळींच्या पेढ्यांनी मोठ्या शहरांत सोडा आणि रास्पबेरीची गोडी लावली. लहान गावांत ती गोटीच्या बाटलीने पोचवली. दंगलीत फेकण्याचे हत्यार म्हणूनही सोडावॉटरची बाटली मुंबईच्या इतिहासात आहे. अभ्यासकाने हा तपशील संकोचून गाळू नये. २०२५ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने ‘गोली पॉप सोडा’ म्हणून तिला परदेशी बाजारात पुढे केले, हे वाचून मला तरी बरे वाटले.

यानंतरचे शोध वाचकांच्या रोजच्या वापरातले आहेत, म्हणून धावतेच सांगतो. दातेरी पत्र्याचे झाकण विल्यम पेंटर याने बाल्टिमोर येथे १८९२ मध्ये केले. त्याच्याच कंपनीत फिरता विक्रेता असलेल्या किंग जिलेटने ‘वापरा आणि फेका’ हे तत्त्व तिथून उचलून दाढीचे पाते काढले. कागदी नळी मार्विन स्टोन याची, १८८८ ची. स्वीडनमध्ये रूबेन राउसिंग यांनी १९५१ मध्ये टेट्रा पॅक कंपनी काढली आणि कागदाच्या गुंडाळीतून भरता भरताच डबा घडवण्याची रीत रूढ केली. १९८५ मध्ये फ्रूटीच्या रूपाने ती आपल्या शाळांच्या डब्यांत आली. नॅथनिएल वायेथ याला १९७३ मध्ये ‘पेट’ या प्लास्टिकच्या बाटलीचे पेटंट मिळाले. सोड्याच्या पेट बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा असतो आणि साध्या पाण्याच्या बाटलीचा तसा नसतो, तो आतल्या दाबामुळे. पेटमधून वायू सावकाश झिरपतोच. लहान बाटलीतला सोडा लवकर मवाळ होतो त्याचे कारण हे.

भरण्याची बाजू झाली; वाढण्याची बाजू तितकीच जुनी आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोनने नाणे टाकल्यावर ठरावीक पाणी देणाऱ्या यंत्राचे वर्णन लिहून ठेवले. आपल्याकडे तोटीची झारी, पळी आणि ओगराळे ही मोजून वाढण्याचीच साधने. पण पाणी वाढण्याच्या साधनांत समाजाचा हिशेबही दडलेला असतो. कित्येक पाणपोयांवर पाणी वरून, अंतर राखून ओतले जाई. भांड्याला कोणी शिवायचे आणि कोणी ओंजळ पुढे करायची हे जातीने ठरवलेले असे. श्रीवर्धनच्याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले, आणि त्या तळ्यावरचा दलितांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये मान्य केला. नळ, तोटी आणि पेला यांचा इतिहास लिहिताना ही घटना वगळणारे पुस्तक मला अपुरे वाटते.

वाचकांनी या विषयाकडे यावे कसे? माझी सूचना अशी की यंत्रापासून सुरुवात करू नये. आधी पेय पाहावे : ते आंबट की गोड, त्यात वायू आहे का, स्निग्धांश आहे का, हवेने बिघडते की उजेडाने. मग तुम्हांला बाटलीची प्रत्येक घडी त्या स्वभावाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येईल. त्यानंतर पेटंटांकडे वळावे. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारातून आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पेय ओतून देण्याची साधने ‘बी ६७ डी’ या खणात, भांडी व आवेष्टने ‘बी ६५ डी’ मध्ये आणि मद्यरहित पेये ‘ए २३ एल २’ मध्ये सापडतात. भारतीय पेटंट कार्यालयाचा संग्रह संगणकावर विनामूल्य चाळता येतो. पेटंटाची भाषा पहिल्या भेटीत रुक्ष वाटेल. तिथे शेवटचे ‘दावे’ आधी वाचावेत आणि आकृत्या शेजारी उघड्या ठेवाव्यात. एक सावधगिरी : पेटंट मिळाले म्हणजे वस्तू चालली असे नव्हे. कार्यालयांच्या दप्तरांत कधीच बाजार न पाहिलेल्या असंख्य बाटल्या आहेत, आणि त्याही शिकवतात.

या विद्येचे पुढचे प्रकरण कचऱ्याचे आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या नळ्यांवर बंदी आली. त्यामुळे डब्याला चिकटवलेली इवलीशी नळी हा रातोरात संशोधनाचा विषय झाला. भरतीनंतर श्रीवर्धनच्या वाळूवर काय काय येऊन पडते ते पाहिलेल्या माणसाला या संशोधनाची निकड वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्याकडच्या कितीतरी युक्त्या कुठल्याच दप्तरात नाहीत : सोडा भरण्याचे हाताचे यंत्र, माडीची मडकी, आगळाच्या बरण्या, शहाळ्याला भोक पाडायला गावच्या लोहाराने घडवलेले हत्यार. जे आधीच सर्वांना ठाऊक आहे त्यावर पेटंट देता येत नाही. पण ते ठाऊक होते हे दाखवायला लेखी नोंद हाताशी असली तर बरे. तुमच्या घरी, वाडीत किंवा बाजारात अशी वस्तू असेल तर तिचे छायाचित्र काढा, मापे घ्या, ती कशाची आहे, कोणी घडवली आणि कोणत्या पेयासाठी वापरत ते लिहा, आणि ही नोंद जवळच्या ग्रंथालयात तारखेसह जमा करा.