अखेरच्या वाटेवरचे स्वार

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिघी ओलांडून विश्रांतवाडीत येते. सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसते. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेला हा रिकामा घोडा म्हणजे माउलींचा अश्व. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात.

पाश्चात्त्य देशांच्या लष्करी अंत्ययात्रांतही असाच एक बिनस्वाराचा घोडा चालतो. त्याच्या रिकिबीत बूट उलटे अडकवलेले असतात. नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या अंत्ययात्रेत असा घोडा साऱ्या जगाने पाहिला. एक परंपरा भक्तीची, दुसरी शोकाची. पण जो दिसत नाही त्याची जागा राखून ठेवायची, हा भाव दोन्हींत सारखाच आहे. आज घोडे कमी झाले आणि मोटरसायकली आल्या. काही देशांत मृत सैनिकाला निरोप देताना मोटरसायकलस्वार रांगेत एक जागा मुद्दाम मोकळी सोडतात, ती याच भावनेने.

मोटरसायकल आणि सैनिक यांचे नाते तसे जुने आहे. दोन्ही महायुद्धांत तारा तुटल्या, की निरोप पोहोचवायला मोटरसायकलवरचा शिपाई निघायचा. वाहन पोहोचणार नाही तिथे पायी धावणारा निरोप्या असे. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव हे मराठा पलटणीतले असेच एक ‘रनर’. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीकाठी त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना वाचवले आणि शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या मोडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी आपल्या लष्कराने ‘बुलेट’ निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला तिचा कारखाना निघाला. गावाकडच्या तरुणाला बुलेटचा आवाज आजही फौजी वाटतो, त्याचे मूळ इथे आहे.

मोटरसायकलस्वारांनी सैनिकाच्या अंत्ययात्रेला स्वतःहून सोबत करण्याची संघटित प्रथा मात्र २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सुरू झाली. इराकमध्ये मारल्या गेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर एक छोटा धर्मपंथ द्वेषाचे फलक घेऊन उभा राहत असे. कोणा मातेने मुलाला मूठमाती द्यायची आणि रस्त्यापलीकडून शिव्याशाप ऐकायचे, असा तो प्रकार. तेव्हा काही माजी सैनिक आणि त्यांचे मोटरसायकलवाले मित्र झेंडे घेऊन मध्ये उभे राहिले. त्यांनी कोणावर हात उचलला नाही. फक्त पाठीची भिंत केली आणि गरज पडली तेव्हा इंजिनांच्या आवाजात घोषणा बुडवल्या. त्यातूनच ‘पॅट्रियट गार्ड रायडर्स’ ही संघटना उभी राहिली. कुटुंबाने बोलावले तरच जायचे, हा तिचा पहिला नियम. पुढे २०११ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी निदर्शने भाषणस्वातंत्र्यात बसतात, असा निकाल दिला. जिथे कायद्याचा हात पोहोचला नाही, तिथे शेजाऱ्यांची रांग पोहोचली.

हळूहळू हे स्वार रणात पडलेल्यांपुरते थांबले नाहीत. म्हातारपणी घरी वारलेल्या माजी सैनिकांनाही ते पोहोचवू लागले. ज्यांच्या अस्थी न्यायला कोणीच आले नाही, अशा बेवारस सैनिकांचा शोध घेऊन त्यांना सन्मानाने निरोप देण्याचे कामही २००७ पासून तिथे सुरू झाले. ब्रिटनमध्ये वूटन बॅसेट नावाच्या छोट्या गावातून २००७ ते २०११ या काळात सैनिकांच्या शवपेट्या जात, तेव्हा लोक दुकाने सोडून रस्त्याकडेला मुकाट उभे राहत. मार्च २०१० मध्ये हजारो मोटरसायकलस्वार त्या गावातून गेले, ते त्या गावाचे आभार मानायला.

ही सारी परदेशची कहाणी झाली. आपल्याकडे काही नव्हते का? होते, आणि ते दगडात कोरलेले होते. महाराष्ट्राच्या गावोगावी वीरगळ आहेत. खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजन आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गाईगुरे वाचवताना पडलेल्या साध्या माणसाचाही वीरगळ असे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावांत शिळा बसवल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. तेव्हाच्या मराठा पलटणींत दखनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. मेसोपोटेमियाच्या वाळूत मराठा आणि मुसलमान शेजारी शेजारी पडले.

आज सातारा-कोल्हापूरकडे जवानाचे पार्थिव येणार असले, की गावच्या वेशीपासून मोटरसायकलवरची पोरे तिरंगा घेऊन पुढे होतात. कोणी आदेश दिलेला नसतो. गावाला वाटते, आपला माणूस एकटा येऊ नये. त्यात कधी हॉर्न वाजतात, सायलेन्सर फाडले जातात, मोबाईलवर चित्रण चालते. दुःख कुणाचे आणि दिसायचे कुणाला, असा प्रश्न मग पडतो. घरातली आई आत बसलेली असते. तिला त्या आवाजाचा आधार वाटतो की त्रास होतो, हे विचारणारा एक तरी माणूस त्या घोळक्यात हवा.

आता विश्रांतवाडीकडे येऊ. शेजारी खडकी. १८२० पासून परंपरा सांगणाऱ्या बॉम्बे सॅपर्सचे हे घर. नौशेरा-राजौरीच्या वाटेवर एप्रिल १९४८ मध्ये सुरुंग काढत रणगाड्यांना रस्ता करून देणारे रामा राघोबा राणे याच पलटणीचे. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले सैनिक. १९९४ मध्ये ते पुण्यातच वारले. अंदमानातल्या एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचे नाव मिळाले. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत आणि प्रत्येकीवरचे गवत नीट कापलेले असते. खडकीतच १९७४ पासून पाठीचा कणा जायबंदी झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. या सगळ्या परिसराच्या सावलीत, विश्रांतवाडी, कळस, धानोरी, दिघी भागात निवृत्त जवानांची कितीतरी घरे आहेत. हवालदार, नाईक, ड्रायव्हर, स्वयंपाकी. पेन्शन घेतात, सकाळी फिरायला जातात, नातवाला शाळेत सोडतात आणि एक दिवस जातात.

त्यांना बंदुकांची सलामी मिळेलच असे नाही. २००२ ची ध्वजसंहिता सांगते, की पार्थिवावर तिरंगा पांघरायचा तो शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीतच. आणि तो चितेवर किंवा कबरीत जाऊ द्यायचा नाही. नियम योग्यच आहे, झेंड्याचा मान राहायलाच हवा. पण मग त्या नाईकाला आपण काय द्यायचे? सरकारने काय द्यावे, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. गल्लीने काय द्यावे, याची करत नाही.

आमच्याकडे जनाज्याच्या नमाजला ‘फर्ज-ए-किफाया’ म्हणतात. वस्तीतल्या काही जणांनी ती अदा केली, तर साऱ्यांचे कर्तव्य पार पडते. कोणीच गेले नाही, तर दोष साऱ्या वस्तीवर येतो. जनाजा रस्त्याने निघाला, की ओळखपाळख नसलेला माणूसही उठतो, चार पावले खांदा देतो आणि आपल्या कामाला लागतो. हिंदू शेजाऱ्यांच्या तिरडीलाही खांदा असाच मिळतो. खांदा देणे हा शब्द आपण दोघेही वापरतो, आणि तो देताना कोणी आत कोण आहे ते विचारत नाही. मोटरसायकलवरून सोबत करणे हा याच खांद्याचा नवा प्रकार आहे, असे मला वाटते.

त्यासाठी फार काही लागत नाही. आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत कोण फौजेतून आले आहे, हे माहीत असावे. ते गेल्याचे कळले, की आधी घरच्यांना विचारावे, ‘आम्ही आलो तर चालेल का?’ हो म्हणाले तर पाच-दहा जणांनी हेल्मेट घालून, हळू, हॉर्न न वाजवता सोबत जावे. पुण्यात हेल्मेट हा वादाचा विषय आहे खरा, पण त्या दिवसापुरता वाद बाजूला ठेवावा. स्मशानाच्या किंवा कब्रस्तानाच्या फाटकाशी इंजिन बंद करून मुकाट उभे राहावे. घोषणा नकोत, फलक नकोत.

हद्दीवर ज्याने आपल्या झोपेसाठी जागरण केले, त्याच्या अखेरच्या वाटेवर आपण अर्धा तास जागे राहायचे आहे. सरकारी सलामीला हुकूम लागतो. शेजाऱ्याला तो लागत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)