महानुभाव हस्तलिखितांचे जतन

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे दत्तात्रेयाचे प्रसिद्ध स्थान असून तेथील देवदेवेश्वर मंदिर महानुभाव पंथीयांस पूज्य आहे. दत्तात्रेयाचे माहात्म्य सांगणारे सह्याद्रिवर्णन हे काव्य पंथाच्या साती ग्रंथांत मोडते. त्याचा कर्ता रवळोबास (चौदावे शतक) हाच सकळ लिपीचा प्रवर्तक, अशी परंपरा आहे. या सांकेतिक लिपीत एका अक्षराऐवजी दुसरे योजतात. तीमुळे पोथ्या पंथाबाहेरील वाचकांपासून सुरक्षित राहिल्या. पण लीळाचरित्रासारखा आद्य मराठी गद्यग्रंथही अभ्यासकांना दीर्घकाळ अपरिचित राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. पुढे ह. ना. नेने, य. खु. देशपांडे प्रभृतींनी हे वाङ्‌मय प्रकाशात आणले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

केंद्र शासनाने २००३ मध्ये स्थापिलेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनमुळे देशभरातील हस्तलिखितांच्या सूचीकरणास व अंकीकरणास चालना मिळाली. तथापि अंकीय प्रतिमेत मजकूर सांकेतिकच राहतो. सकळ, सुंदरी, पारमांडल्य इ. लिप्या वाचणारे उरले नाहीत, तर जतन केलेली पाने पुन्हा मुकी होतील. म्हणून प्रतिमांबरोबर बाळबोध लिप्यंतर आणि लिपिज्ञांची नवी पिढी तयार करणे तितकेच आवश्यक आहे.