झुंजार, पुरुषोत्तम आणि मिरजेची गाडी

आमच्या लहानपणी पुण्याला जायचे म्हणजे बेळगावहून मीटरगेजच्या गाडीने मिरज गाठायची आणि तिथे सामानसुमानासह उतरून मोठ्या रुळांवरची गाडी धरायची. मिरजेपर्यंतचा प्रवास कंटाळवाणा. पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग, कुडची, शेडबाळ... प्रत्येक स्थानकावर गाडी दम खात असे. मामा सोबत असले की मात्र मला कंटाळा माहीत नसे. मामा सरकारी कचेरीत कारकून. घरी त्यांच्या हाती संतचरित्राखेरीज दुसरे पुस्तक कधी दिसले नाही. पण गाडी सुटली की पिशवीच्या तळाशी, चिवड्याच्या डब्याखाली ठेवलेली रहस्यकथा हळूच वर येई. "घरी सांगू नकोस हं," एवढी एकच अट असे.

एकदा समोरच्या बाकावर एक कानडी गृहस्थ अगदी तसेच पुस्तक घेऊन बसले होते. दोघांनी एकमेकांच्या मुखपृष्ठाकडे पाहिले. दोन्हीकडे पिस्तूल होते, दोन्हीकडे घाबरलेली बाई होती. दोघेही हसले. मग मामांनी मोडक्या कानडीत झुंजारची आणि त्या गृहस्थांनी मोडक्या मराठीत पुरुषोत्तमची गोष्ट सांगायला घेतली. कुडचीजवळ कृष्णेचा पूल लागला तरी दोघांचेही खुनी सापडले नव्हते!

वाचकहो, पुढे इतिहास शिकवू लागल्यावर कळले की, आगगाडी आणि हलकेफुलके पुस्तक यांचे नाते फार जुने आहे. घोडागाडीच्या हिसक्यांत वाचणे अवघड होते. रुळांवरच्या डब्यात ते शक्य झाले. १८४८ साली लंडनच्या यूस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथ यांचा पुस्तकांचा स्टॉल उघडला. पाठोपाठ रूटलेज या प्रकाशकाने 'रेल्वे लायब्ररी' ही स्वस्त कादंबऱ्यांची माला काढली. पुस्तकाची किंमत एक शिलिंग. प्रवासाला निघालेला माणूस जड ग्रंथ घेणार नाही, पण पुढल्या स्थानकांपर्यंत पुरेल अशी गोष्ट नक्की घेईल, हे या मंडळींनी नेमके ओळखले.

आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि १८७७ साली अलाहाबादेत ए. एच. व्हीलर कंपनीचा जन्म झाला. याच कंपनीने १८८८ साली 'इंडियन रेल्वे लायब्ररी' सुरू केली. तिच्यातली पहिली सहा पुस्तके रुडयार्ड किपलिंग या तरुण पत्रकाराची होती, किंमत प्रत्येकी एक रुपया. पुढे ज्याला नोबेल पारितोषिक मिळाले, त्याची ही पुस्तके स्थानकाच्या फलाटावर विकली गेली, ही गोष्ट 'फलाटावरचे साहित्य' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. दक्षिणेकडच्या स्थानकांवर मद्रासच्या हिगिनबॉथम्सचे स्टॉल असत. आमच्या भागात १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने रूळ टाकले आणि गावोगावच्या माणसाला प्रवासातला मोकळा वेळ मिळाला.

तो वेळ मराठीत कुणी भरला असेल तर तो बाबूराव अर्नाळकरांनी. १९०६ साली जन्मलेले आणि १९९६ साली निवर्तलेले अर्नाळकर यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या विक्रमाची नोंद गिनीज बुकातही झाली. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे उच्चारली तरी साठी उलटलेल्या वाचकाचे डोळे आजही चमकतात. इंग्रजी रहस्यकथांची छाया त्यांच्या लेखनावर होती हे खरे, पण त्यांची मुंबई मात्र वाचकाला ओळखीची वाटे. पुढे गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंदने कॉलेजातली पोरे वेडी केली.

आणि मामांच्या सहप्रवाशाचा तो पुरुषोत्तम? तो कन्नड लेखक एन. नरसिंहय्या यांचा 'पत्तेदार'. पत्तेदार म्हणजे गुप्तहेर. स्वतः फारसे शालेय शिक्षण न झालेल्या या लेखकाने पाचशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. कर्नाटकात असंख्य लोकांना वाचनाची गोडी त्यांनी लावली, असे तिथले जाणकार आवर्जून सांगतात. आपल्याकडे अर्नाळकरांविषयी हेच म्हटले जाते. सीमेच्या दोन्ही अंगांना एकाच तऱ्हेच्या पुस्तकांनी एकच काम केले.

हे काम कसे झाले, त्याचे कारण साधे आहे. पुस्तक खिशात मावणारे, टाईप ठसठशीत, वाक्ये छोटी, प्रकरणाच्या शेवटी धक्का. अक्षरे जुळवत वाचणाऱ्यालाही पुढे काय झाले हे कळल्यावाचून राहवत नसे. विकत घेणे न परवडणाऱ्यांसाठी गल्लीतली भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये होतीच.

आता एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कडक मास्तर होतो. नववीतल्या एका मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात दडवलेली रहस्यकथा मी पकडली आणि शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केली. तो मुलगा वाचनात कच्चा होता. 'असली पुस्तके वाचतो म्हणूनच मागे पडतो,' असे मी साऱ्या वर्गासमोर म्हणालो. काही वर्षांपूर्वी तो बसस्थानकावर भेटला. आता ट्रक चालवतो. पाया पडला आणि हसत म्हणाला, "सर, शेवटची वीस पाने राहिली होती. खुनी कोण ते अजून कळलं नाही. नंतर पुस्तक असं हातात धरलंच नाही बघा."

तो सहज बोलला. मला रात्रभर झोप लागली नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एकच मराठी पुस्तक त्या मुलाने आपणहून उघडले होते आणि ते त्याच्या मराठीच्या मास्तराने बंद केले होते.

आज आपल्या घरांत मुले मराठी बोलतात. वाचतात मात्र कन्नड आणि इंग्रजी. त्यात त्यांचा दोष नाही. शाळेची आणि पोटाची भाषा तीच आहे. पण बोलली जाणारी भाषा वाचली गेली नाही तर दोन पिढ्यांत ती स्वयंपाकघरापुरती उरते. रहस्यकथेचा धंदा आधी दूरदर्शनने आणि मग हातातल्या मोबाईलने बसवला. मिरजेला आता गाडी बदलावी लागत नाही आणि डब्यात सगळ्यांच्या माना छोट्या पडद्यावर वाकलेल्या असतात.

मी जुन्या बाजारातून चाळीसएक रहस्यकथा जमवल्या आहेत. शाळेच्या ग्रंथालयात त्यांचे वेगळे कपाट केले, त्याला कुलूप नाही. काही सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. उंचावू देत. मुलगा काळापहाडचा हात धरून आला तर उद्या जी. एं.च्या कथेपर्यंत पोहोचेलही. आलाच नाही तर कुठेच पोहोचणार नाही.

त्या ट्रकवाल्या विद्यार्थ्याचे पुस्तक मात्र अजून सापडलेले नाही. मुखपृष्ठ आठवते, नाव आठवत नाही. शोध चालू आहे. सापडले की ते घेऊन मी स्वतः त्याच्या घरी जाणार आहे.