दुरुस्तीदरम्यान उपकरणाचे नुकसान (भारतातील ग्राहक हक्क)

दुरुस्तीसाठी दिलेला मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच किंवा अन्य विद्युत उपकरण दुकानाच्या अथवा सेवा केंद्राच्या ताब्यात असताना तुटल्यास, निकामी झाल्यास किंवा गहाळ झाल्यास ग्राहकाला भारतात मुख्यतः दोन कायद्यांचा आधार मिळतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ दुकानदाराला वस्तूचा राखणदार मानतो, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ त्याला सेवा पुरवठादार मानतो. नुकसान कोणामुळे झाले हे कोणी सिद्ध करायचे, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही कायद्यांत सारखे नाही. व्यवहारात असे वाद बहुधा याच ठिकाणी अडतात.

निक्षेप

विशिष्ट हेतूने वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत घेणे, या करारास निक्षेप म्हणतात (कलम १४८). दुरुस्तीला दिलेले उपकरण, धुलाईला दिलेले कपडे, घडणावळीसाठी सोनाराकडे सोपवलेले सोने ही याची नेहमीची उदाहरणे. कलम १५१ नुसार वस्तू स्वीकारणाऱ्याने तिची तितकी काळजी घ्यावी लागते, जितकी सामान्य विवेकी मनुष्य तशा परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल. हे कलम सर्व प्रकारच्या निक्षेपांना लागू असल्याने दुरुस्ती फुकट करून दिली म्हणून काळजीचे बंधन सुटत नाही.

वस्तू चांगल्या स्थितीत दिली होती आणि ती खराब होऊन परत आली, एवढे मालकाने दाखविल्यावर योग्य काळजी घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार दुकानदारावर येतो. यामागील तर्क साधा आहे : बंद दाराआड काय घडले हे दुकानदारालाच माहीत असते. उलटपक्षी, काळजी घेऊनही नुकसान झाले असेल तर कलम १५२ दुकानदाराला संरक्षण देते. मदरबोर्डावर सोल्डरिंग करताना आधीच कमकुवत झालेला घटक निकामी होणे शक्य असते, त्यामुळे हा बचाव नेहमीच खोटा असतो असे नाही.

ठरलेल्या मुदतीत उपकरण परत न केल्यास त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी कलम १६१ नुसार दुकानदारावर राहते. मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा त्याचा हक्क (कलम १७०) काम ठरल्याप्रमाणे पूर्ण केले असेल तरच मिळतो.

सेवेतील त्रुटी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा १९८६ च्या अधिनियमाची जागा घेऊन २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील ‘त्रुटी’च्या व्याख्येत ग्राहकाला हानी पोहोचविणारा निष्काळजीपणा स्पष्टपणे समाविष्ट आहे. पूर्णपणे विनामूल्य सेवा आणि व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतात. वॉरंटीतील दुरुस्तीचा मोबदला वस्तूच्या किमतीतच अंतर्भूत असल्याने तिला विनामूल्य म्हणता येत नाही.

या कायद्याखाली सुरुवातीचा पुरावा तक्रारदाराने द्यावा लागतो. त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात सांगितले. त्यामुळे उपकरण देताना ते कोणत्या स्थितीत होते याची नोंद निर्णायक ठरते. जॉबशीटवर केवळ ‘डेड’ असा शेरा असेल, तर पडद्यावरील तडा किंवा बिघडलेला कॅमेरा नंतरचा आहे हे पटवणे कठीण जाते. कोणते भाग चालू आहेत, कोठे ओरखडे आहेत, हे पावतीवर लिहून घेणे आणि दुकानातच छायाचित्र काढणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. नुकसान लक्षात आल्यावर उपकरण लगेच दुसऱ्या कारागिराकडे उघडल्यास दोष कोणत्या हातून झाला हे ठरविणे जवळपास अशक्य होते. सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पावतीवरील छापील अटी

‘नुकसानीस दुकान जबाबदार नाही’ किंवा ‘तीस दिवसांत न नेल्यास जबाबदारी नाही’ अशा ओळी अनेक पावत्यांवर छापलेल्या असतात. त्या पाहूनच बरेच ग्राहक माघार घेतात. कायद्याने मात्र त्यांना सरसकट मान्यता दिलेली नाही. या बाबतीतील मार्गदर्शक निवाडे धुलाईच्या दुकानांसंबंधीचे आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातील लिली व्हाइट खटल्यात, हरवलेल्या साडीची भरपाई तिच्या किमतीच्या अल्प अंशापुरती मर्यादित करणारी अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरविली. याउलट १९९६ च्या भारती निटिंग कंपनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुरिअर कंपनीची दायित्वमर्यादा ग्राह्य मानली, कारण अटींच्या कागदावर पाठविणाऱ्याची स्वाक्षरी होती. सेवा केंद्रात मागितल्या जाणाऱ्या स्वाक्षरीचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

तक्रार आणि भरपाई

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तडजोडीचा प्रयत्न होतो, आदेश दिला जात नाही. बंधनकारक आदेशासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे दुसऱ्या शहरातील सेवा केंद्राविरुद्धही तेथवर खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून ऑनलाइन तक्रार दाखल करता येते. तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक तक्रारी याहून लांबतात.

आयोग दोष दूर करण्याचा, रक्कम परत करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. वापरलेल्या उपकरणाबाबत घसारा वजा करून मूल्य धरले जाण्याची शक्यता असते. आदेश न पाळल्यास कलम ७२ नुसार एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

साठवलेली माहिती

पुसल्या गेलेल्या छायाचित्रांचे किंवा दस्तऐवजांचे मोल पैशात ठरविणे अवघड असते, आणि ‘माहितीची प्रत ग्राहकाने आधीच काढून ठेवावी’ ही अट जॉबशीटवर बहुधा असतेच. माहितीचा गैरवापर हा मात्र वेगळा विषय आहे. परवानगीविना माहितीची नक्कल करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येते, तर खासगी अवयवांची छायाचित्रे संमतीविना प्रसारित करणे हा कलम ६६ई खालील गुन्हा आहे. त्याची तक्रार आयोगाकडे नव्हे, पोलिसांकडे करावी लागते.