सुरक्षित पण पोरकीं

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन सैन्य पोलंडमध्यें घुसलें आणि त्याच दिवशीं सकाळीं ब्रिटनमधील मोठ्या शहरांतून मुलांना हलविण्यास प्रारंभ झाला. तीन दिवसांत सुमारें १५ लक्ष माणसें खेड्यापाड्यांत पोंचलीं. त्यांत निम्म्याहून अधिक आईबापांवांचून निघालेलीं शाळकरी मुलें होतीं. कोटाला नांवाची चिठ्ठी आणि खांद्याला विषारी वायूपासून वांचविणाऱ्या मुखवट्याची पेटी, एवढ्या ओळखीवर तीं परक्यांच्या दारीं उभीं राहिलीं.

या योजनेचा आराखडा १९३८ सालींच तयार होऊं लागला होता. आगगाड्या, बिछाने, आश्रयदात्यांस द्यावयाचा भत्ता, साऱ्यांचा हिशेब झाला. ताटातुटीच्या दुःखाचें मोजमाप मात्र राहून गेलें. लवकरच गांवोगांवच्या घरांतून तक्रार येऊं लागली, कीं मुलें अंथरुणें भिजवितात. गरीब वस्त्यांतील आयांनीं वळण लावलें नाहीं, असा दोष अनेकांनीं दिला. वस्तुतः शब्द न सांपडलेल्या दुःखाचा तो उद्गार होता. त्याच डिसेंबरांत जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर व डोनाल्ड विनिकॉट यांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें पत्र लिहून, दोन ते पांच वर्षांच्या मुलांना आईविना पाठविण्यांतील धोका दाखवून दिला.

१९४० च्या सप्टेंबरांत लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला. व्हिएन्नाहून आश्रयास आलेल्या ॲना फ्रॉइड यांनीं डॉरथी बर्लिंगहॅम यांच्यासह हॅम्पस्टेड येथें युद्धकालीन बालगृहें चालविलीं. तेथील निरीक्षणांतून त्यांना असें आढळलें, कीं आई धीराची असली तर तिच्या कुशींत तळघरांत रात्र काढणारें मूल बाँबच्या आवाजांतही सावरून राही. आईपासून दुरावलेल्या मुलाची व्यथा मात्र त्याहून खोल असे.

यावरून स्थलांतर चुकीचें होतें असें म्हणतां येणार नाहीं. बाँबहल्ल्यांत हजारों मुलें मृत्युमुखीं पडलीं; शिवाय कित्येकांना परक्या घरांतही जिव्हाळा लाभला. परंतु जीव वांचविणें आणि मूल सांभाळणें हीं दोन निराळीं कर्तव्यें आहेत, हें त्या पिढीच्या अश्रूंनीं शिकविलें. त्या बालगृहांत काम केलेल्या जेम्स रॉबर्टसन यांनीं १९५२ सालीं रुग्णालयांत एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला; आणि आजारी मुलांना भेटण्यास आईबापांना मुक्तद्वार असावें, अशी शिफारस १९५९ मध्यें सरकारी समितीनें केली.

आजही युद्ध पेटलें कीं प्रथम मुलांना हलवितात, आणि तें योग्यच आहे. त्या गाडींत शक्य तर आईलाही जागा द्यावी, एवढाच १९३९ च्या त्या मुलांचा निरोप आहे.