जपानी खेळांचे इंग्रजी रूप : चाहत्यांनी घडविलेला अनुवाद

जपानमध्ये प्रसिद्ध झालेला, पण इंग्रजीत अधिकृतपणे न आलेला व्हिडिओ गेम हौशी मंडळींनी एकत्र येऊन स्वतःच इंग्रजीत आणणे, या उपक्रमास 'फॅन ट्रान्सलेशन' म्हणजेच चाहत्यांचा अनुवाद असे म्हणतात. हे काम करणारे बहुतांशी विनामोबदला राबतात. मूळ कंपनीची परवानगी त्यांच्याकडे सहसा नसते, आणि काम पूर्ण झाल्यावर ते जगभरच्या खेळाडूंना विनामूल्य उपलब्ध करून दिले जाते. तीन दशकांच्या वाटचालीत या हौशी परंपरेने अनेक महत्त्वाच्या जपानी कलाकृती परभाषिकांपर्यंत पोहोचविल्या. त्याच वेळी कलाकृतीवर अंतिम हक्क कोणाचा, हा अवघड प्रश्नही तिने उभा केला.

गरज का निर्माण झाली?

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत घरगुती व्हिडिओ गेमच्या क्षेत्रावर जपानी कंपन्यांचे वर्चस्व होते. तथापि, जपानमध्ये निघालेला प्रत्येक खेळ अमेरिकेत वा युरोपात जात नसे. विशेषतः दीर्घ कथानक असलेल्या 'रोल प्लेइंग' प्रकारच्या खेळांत शेकडो पानांचा मजकूर असे. त्याचा अनुवाद, नव्या कार्ट्रिजची निर्मिती आणि प्रसिद्धी यांचा खर्च पाश्चात्त्य बाजारपेठेतून भरून निघेल की नाही, याची कंपन्यांना खात्री नसे.

'फायनल फॅन्टसी' ही मालिका याचे उत्तम उदाहरण होय. या मालिकेतील दुसरा आणि तिसरा भाग त्या काळी जपानबाहेर गेलाच नाही. परिणामी चौथा भाग १९९१ मध्ये अमेरिकेत 'दुसरा' म्हणून, तर सहावा भाग १९९४ मध्ये 'तिसरा' म्हणून विकला गेला. मधला पाचवा भाग जपानमध्ये १९९२ साली आला होता, पण अमेरिकी खेळाडूंसाठी तो जणू अस्तित्वातच नव्हता.

आरंभ

नेदरलँड्समधील 'ओअॅसिस' या गटाने एमएसएक्स संगणकावरील 'एसडी स्नॅचर' या कोनामी कंपनीच्या खेळाचा इंग्रजी अनुवाद १९९३ मध्ये केला. सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. या चळवळीला खरा वेग आला तो मात्र इंटरनेटचा प्रसार आणि 'एम्युलेटर' यांमुळे. एम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलची हुबेहूब नक्कल करून त्यावरील खेळ संगणकावर चालविणारा प्रोग्रॅम. १९९७ च्या सुमारास असे अनेक प्रोग्रॅम सहज मिळू लागले.

त्याच सुमारास 'आरपीजीई' या गटाने 'फायनल फॅन्टसी'च्या पाचव्या भागाचा अनुवाद पूर्णत्वास नेला. केवळ अक्षरांची चित्रे बदलून न थांबता या गटाने मजकूर हाताळणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच फेरफार केला. कंपनीचा अधिकृत इंग्रजी अनुवाद त्यानंतर, १९९९ साली प्लेस्टेशनसाठी आला. त्यात 'वायव्हर्न' या पाश्चात्त्य पुराणकथांतील पंखधारी प्राण्याचे नाव जपानी उच्चारावरून 'वाय बर्न' असे छापले गेले होते. हौशी मंडळींचे काम व्यावसायिकांपेक्षा सरस ठरू शकते, हे यानिमित्ताने प्रथमच ठळकपणे दिसून आले.

कामाची पद्धत

या कामाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात, एक तांत्रिक आणि दुसरा भाषिक. कार्ट्रिजमधील माहितीची जी संगणकीय प्रत काढली जाते, तिला 'रॉम' म्हणतात. या प्रतीत जपानी वाक्ये केवळ आकड्यांच्या रूपात साठविलेली असतात. कोणता आकडा कोणत्या अक्षरासाठी आहे, याचा तक्ता प्रथम तयार करावा लागतो. त्या तक्त्याच्या आधारे संपूर्ण संहिता बाहेर काढली जाते.

खरी अडचण पुढे येते ती जागेची. तलवारीसाठी जपानीत एकच चिन्ह पुरते, तर इंग्रजीत पाच अक्षरे लागतात. इंग्रजी वाक्य लांबले, की त्यापुढील प्रत्येक वाक्याची जागा सरकते. प्रत्येक वाक्य कोठे सुरू होते याच्या नोंदी खेळात असतात, त्या साऱ्या बदलाव्या लागतात. पुस्तकात मध्येच काही पाने वाढली, तर पुढची सारी अनुक्रमणिका चुकते, तसाच हा प्रकार. शिवाय जपानी अक्षरे एकसारख्या चौकोनांत बसतात. त्याच चौकोनांत इंग्रजी 'आय' आणि 'डब्ल्यू' बसविल्यास वाचन कष्टप्रद होते. म्हणून अक्षरागणिक रुंदी बदलणारा टंक खेळात नव्याने घालावा लागतो.

तयार झालेले काम 'पॅच' या स्वरूपात दिले जाते. पॅचमध्ये संपूर्ण खेळ नसतो, मूळ प्रत आणि बदललेली प्रत यांतील फरक तेवढा असतो. तो वाचकाने आपल्याजवळील प्रतीला लावायचा असतो.

भाषेचा पेच

जपानीत वाक्यातील कर्ता वारंवार अध्याहृत असतो. 'मी' या अर्थाची अनेक सर्वनामे आहेत. 'वाताशी', 'बोकु', 'ओरे', 'वाशी' यांपैकी पात्र कोणते वापरते, यावरून त्याचे वय, स्वभाव आणि समाजातील स्थान सूचित होते. इंग्रजीत या सर्वांसाठी एकच शब्द आहे. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकास ही अडचण चटकन उमजेल. सर्वनामांत हरवलेला भाव अनुवादकाला शब्दांची निवड आणि वाक्याची लकब यांतून भरून काढावा लागतो.

नावांतील श्लेष हा आणखी एक पेच. 'एस अॅटर्नी इन्व्हेस्टिगेशन्स'चा दुसरा भाग जपानमध्ये २०११ साली आला. त्याचा चाहत्यांनी केलेला अनुवाद २०१४ मध्ये पूर्ण झाला. त्यातील महिला न्यायाधीशाचे नाव चाहत्यांनी 'जस्टिन कोर्टनी' असे ठेवले. त्यात 'न्याय' आणि 'न्यायालय' या अर्थाचे इंग्रजी शब्द दडलेले आहेत. २०२४ मध्ये कंपनीचा स्वतंत्र अनुवाद आला, तेव्हा तेच पात्र 'व्हेरिटी गॅव्हेल' झाले. येथे 'सत्य' आणि न्यायाधीशाचा हातोडा यांची सांगड आहे. उत्तरे दोन असली, तरी दोन्ही अनुवादकांपुढचा प्रश्न एकच होता.

'मदर ३'ची कथा

या परंपरेतील सर्वाधिक गाजलेले उदाहरण म्हणजे निन्टेन्डोचा 'मदर ३'. जपानी लेखक शिगेसातो इतोई यांच्या लेखणीतून उतरलेला हा खेळ जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झाला. आईचा मृत्यू, कुटुंबाची वाताहत आणि साध्या गावात शिरलेला पैसा, अशी त्याची गंभीर कथावस्तू आहे. इंग्रजी आवृत्तीची चिन्हे दिसेनात, तेव्हा सुमारे डझनभर चाहत्यांनी काम हाती घेतले. व्यवसायाने अनुवादक असलेले क्लाइड मँडेलिन यांनी त्याचे नेतृत्व केले. सुमारे दोन वर्षांच्या परिश्रमानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये हा अनुवाद प्रकाशित झाला आणि पहिल्याच आठवड्यात तो एक लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला.

यातील खलपात्राचे जपानी नाव 'योकुबा', अर्थात लोभीपणा सुचविणारे. अनुवादात ते 'फसाद' झाले. दर्शनी मुखवटा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी ते जुळते. मराठी वाचकास त्यातून वेगळाच, पण तितकाच समर्पक 'फसाद' ऐकू येईल. पुढे मँडेलिन यांनी आपला अनुवाद निन्टेन्डोस विनामूल्य देण्याची तयारीही दर्शविली. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये हा खेळ निन्टेन्डोच्या स्विच सेवेवर आला, तो केवळ जपानमध्ये.

कायदा आणि व्यवहार

कायद्याची बाजू मात्र चाहत्यांना अनुकूल नाही. बर्न करारानुसार अनुवादाचा हक्क मूळ हक्कधारकाचाच असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचेही तेच सूत्र आहे. मोबदला न घेतल्याने हा हक्कभंग आपोआप माफ होत नाही. व्यवहारात मात्र अनेक कंपन्या जुन्या खेळांच्या बाबतीत मौन पाळतात. खेळाचे व्यापारी मूल्य शिल्लक असेल, तर चित्र बदलते. 'फायनल फॅन्टसी टाइप-०'चा चाहत्यांनी केलेला अनुवाद जून २०१४ मध्ये आला आणि स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या हस्तक्षेपानंतर पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. मार्च २०१५ मध्ये कंपनीची अधिकृत इंग्रजी आवृत्ती बाजारात आली.

याउलट सहकार्याचेही उदाहरण आहे. 'जिओफ्रंट' या गटाने २०२० मध्ये 'झिरो नो किसेकी' इंग्रजीत आणला. एनआयएस अमेरिका या कंपनीने त्याच गटाचे काम रीतसर स्वीकारून २०२२ मध्ये अधिकृत आवृत्ती काढली. 'सेइकेन देन्सेत्सु ३' (१९९५) आणि 'लाइव्ह अ लाइव्ह' (१९९४) या खेळांचे अनुवाद चाहत्यांनी अनुक्रमे २००० आणि २००१ मध्ये केले होते. त्यांच्या अधिकृत इंग्रजी आवृत्त्यांस २०१९ आणि २०२२ साल उजाडावे लागले.

पुढे काय?

या क्षेत्राचे प्रमुख संग्रहस्थळ असलेल्या 'रॉमहॅकिंग डॉट नेट'ने सुमारे दोन दशकांच्या वाटचालीनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये नवे काम स्वीकारणे थांबविले आणि आपला संग्रह 'इंटरनेट अर्काइव्ह'कडे सुपूर्द केला. जुन्या कार्ट्रिज झिजतात, कन्सोल बंद पडतात आणि कंपन्यांच्या दप्तरी असलेली मूळ सामग्रीही सर्वच वेळा जपली जात नाही. अशा स्थितीत कित्येक जपानी खेळांचे इंग्रजीतील एकमेव रूप चाहत्यांच्या पॅचमध्येच उरले आहे. कायद्याने ज्याला मान्यता नाही, तेच त्या कलाकृतींचे परभाषेतील एकमेव जतन ठरावे, हा या परंपरेतील मूलभूत विरोधाभास होय. तो सुटण्याचा मार्ग 'जिओफ्रंट'च्या उदाहरणाने दाखविला आहे. त्यावरून किती कंपन्या चालतात, यावरच या कामाचे भवितव्य अवलंबून राहील.